टोकावरचा ग्रॅम

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये मी एकतीस वर्षं काम केलं. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत बिडाचा रस ओतायचा. पंपाचं अंग असो की व्हॉल्व्हचं घर, आमच्या वेळी ते बिडात उतरण्याआधी कुणातरी सुताराच्या हातून सागवानात उतरलेलं असायचं. या कामात लाकडाकडून एकच अपेक्षा असते, त्यानं हलू नये. पावसाळ्यात फुगू नये, शिमग्यानंतर आकसू नये, पीळ घेऊ नये. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमच्या मोजपट्ट्याच तेवढ्या वाढवलेल्या असतात. त्या हिशेबात लाकडाची स्वतःची हालचाल मिसळली की नमुना वाया. त्यामुळे फळी हातात आली की मी आधी तिच्या रेषा बघायचो, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचो आणि मनात एकच प्रश्न असायचा: ही गप्प बसेल का?

बावन्नाव्या वर्षी मी धनुष्य करायला घेतलं तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा उलटा झाला.

झालं असं, की जांबोटीकडच्या आमच्या शेताच्या बांधावरची जुनी धामण वळवाच्या वाऱ्यात मुळासकट कलंडली. दादानं फोन केला. "जाळायला तोडणार हाय. तुझ्या शॉपला चालंल काय बघ की." मी म्हणालो, शॉपला नाही चालणार, ती फार हलते. फोन ठेवला आणि बराच वेळ तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आमचे बाबा कावडीचा दांडा धामणीचाच करायचे. दोन्ही टोकांना पाण्याचे डबे लटकवून चालायला लागलं की दांडा पावलागणिक खाली जायचा, वर यायचा आणि खांद्याला ओझं अर्धंच वाटायचं. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा, बैलगाडीची जू-दांडीही जमलं तर तिचीच. "धामण वाकंल, खरं मोडायची नाही," असं बाबा म्हणायचे. बेळगावच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, इथे आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.

संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. धनुष्य त्याच्या नावातच बसलेलं आहे. शॉपमधल्या बैलहोंगलकडच्या मेस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी कानडी नाव सांगितलं, तडसल. आणि धनुष्य म्हणजे बिल्लु. मग त्यांनी आणखी एक शब्द दिला तो मी जपून ठेवलाय. आपण इंद्रधनुष्य म्हणतो, त्याला कानडीत कामनबिल्लु म्हणतात, कामदेवाचं धनुष्य. खानापूरच्या डोंगरावर एकच कमान उमटते आणि रस्त्याच्या एका बाजूचे लोक ती इंद्राला देतात, दुसऱ्या बाजूचे मदनाला.

शेतावर जायला सवड होईपर्यंत हात शिवशिवत होते, म्हणून पहिलं धनुष्य मी शॉपमधल्या सागवानाच्या तुकड्याचं केलं. ते अर्ध्या ओढीवर मोडलं, आणि मोडलं ते अगदी बरोबर जागी मोडलं. फळीच्या रेषा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरक्या जात होत्या. नमुन्याला त्याचं काही वाटत नाही. धनुष्याच्या पाठीवर मात्र तिरपी निघून गेलेली प्रत्येक रेष म्हणजे आधीच पडलेली चीर असते, फक्त ती उघडायची बाकी असते. पाठ म्हणजे नेम धरणाऱ्याच्या पलीकडची बाजू, जी ओढताना ताणली जाते. पोट म्हणजे आपल्याकडची, जी दाबली जाते. या दोन शब्दांखेरीज धनुष्याविषयी काही बोलताच येत नाही.

धामणीला कापायला मी करवत नेली नाही, पाचरी नेल्या. करवत सरळ जाते, लाकूड कसं वाढलंय याची तिला पर्वा नसते. पाचर लाकडाच्या धाग्याला विचारून पुढे सरकते. बुंध्याचे चार उभे फाळके पडले तेव्हा आतला पांढुरका भाग आणि मधला तांबूस गाभा स्वच्छ दिसला. साल हातानं आणि बांबूच्या पट्टीनं सोलली. सालीखालचा जो गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो तीच पाठ. तिला नंतर कुठलंही हत्यार लावायचं नाही, वाकस नाही, रंधा नाही, कानस तर नाहीच. झाडानं शेवटच्या वर्षी जे धागे बुंध्यापासून फांदीपर्यंत अखंड नेले, ते अखंडच राहिले पाहिजेत. आकार द्यायचा तो बाजूंनी आणि पोटाकडून. बांबूचंही तसंच आहे. आमच्याकडच्या भरीव मेसाला खाली कोकणात माणगा म्हणतात. त्याची सगळी ताकद बाहेरच्या चकचकीत सालीलगत असते, ती खरवडली की उरतो तो नुसता भुसा.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो. पुढे घाई केली. फाळका दोन महिनेसुद्धा वाळला नव्हता आणि श्रावणात, खिडकीबाहेर धो धो पाऊस असताना, मी त्यातून धनुष्य काढलं. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखं चार सेंटिमीटर रुंद ठेवलं, टोकंही भक्कम ठेवली, कारण दोरीची खाच तिथे असते, तिथे ताकद हवी असं वाटलं. ते मोडलं नाही. पण दोरी उतरवल्यावर सरळ झालंच नाही, सात सेंटिमीटर बाक धरून बसलं. ओल्या लाकडाला पोटाकडचा दाब सोसत नाही. त्याचे धागे आतल्या आत चुरगळतात, वर कधी कधी बारीक आडव्या सुरकुत्या दिसतात, आणि एकदा चुरगळलेला धागा पुन्हा उभा राहत नाही. बहुतेक लाकडं ताण जास्त सोसतात आणि दाब कमी. म्हणून धनुष्य मोडायची भीती पाठीला असली तरी ते थकतं पोटाकडून.

आणि बाण सोडला की मुठीत असा झटका बसायचा की कोपरापर्यंत कळ जायची. दादा बघत होता. तो म्हणाला, "हे बाण मारालंय का तुला मारालंय?" त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला मला पुढची दीड वर्षं लागली.

लोक धनुष्य हातात घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, किती किलोचं आहे? म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर किती भार येतो. मला हा प्रश्न आता अपुरा वाटतो. १८ किलो ओढीची दोन धनुष्यं घ्या, दोन्हींतून एकच बाण सोडा, एक तो सेकंदाला ३९ मीटरनं फेकेल आणि दुसरं ४६ मीटरनं. ओढणाऱ्याच्या दंडानं दोन्हीकडे जवळजवळ सारखाच घाम गाळलेला असतो. मग मधलं गेलं कुठे?

हे मोजायचं ठरवलं तेव्हा माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं सामान तोलायचा काटा दोरीला अडकवला आणि दर पाच सेंटिमीटरला थांबून भार लिहून घेतला. आडव्या रेघेवर ओढ, उभ्या रेघेवर भार, आणि रेषेखालचे चौकोन मोजले की धनुष्यात साठलेली ऊर्जा मिळते. हे तिनं मला समजावलं तेव्हा शाळेतला आलेखाचा कागद आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. श्रावणातल्या धनुष्यात ४३ ज्यूल साठत होते. वेगासाठी तिनं मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. दोरी सुटल्याचा एक टक्, २० मीटरवरच्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत बाण घुसल्याचा दुसरा. दोन आवाजांमधला वेळ ०.५७ सेकंद. त्यातून आवाजाला परत यायला लागणारे ०.०६ सेकंद वजा करायचे. दहा बाणांची सरासरी घेतली, सेकंदाला ३९ मीटर. बाण २६ ग्रॅमचा. त्याच्याकडे पोचले २० ज्यूलच्या आत. अर्ध्याहून जास्त मधेच राहिले.

"पप्पा, तुम्ही बाणाबरोबर अजून काहीतरी फेकताय," ती वहीत बघत म्हणाली.

ते 'अजून काहीतरी' किती ग्रॅमचं, हेही काढता येतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पॉल क्लॉपस्टेग आणि क्लॅरेन्स हिकमन हे दोन भौतिकशास्त्रज्ञ धनुष्याच्या मागे लागले होते. क्लॉपस्टेग यांनी एक सुंदर कल्पना मांडली. साठलेली ऊर्जा फक्त बाण हलवत नाही, ती धनुष्याची पातीही, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भागही, पुढे फेकते आणि दोरीही. तर असं समजा, की बाणाला एक अदृश्य वजन बांधलेलं आहे आणि धनुष्य दोघांना मिळून फेकतंय. त्या अदृश्य वजनाला त्यांनी आभासी वस्तुमान म्हटलं. चांगली गोष्ट अशी, की एका धनुष्याचं ते जवळपास ठरलेलं असतं, बाण हलका घ्या की जड. म्हणून जड बाण हळू जातो पण धनुष्याच्या ऊर्जेतला मोठा वाटा घेऊन जातो, आणि फार हलक्या बाणाला ते धनुष्य आपली जवळजवळ सगळी कमाई स्वतःवरच खर्च करून दाखवतं. माझ्या श्रावणातल्या धनुष्याचं आभासी वजन निघालं ३० ग्रॅम. २६ ग्रॅमच्या बाणाला ३० ग्रॅमचा न दिसणारा सोबती! मुठीत बसणारा झटका हा त्या सोबत्याचा होता, बाण सुटून गेल्यावर मागे राहिलेला.

पाती सगळीकडे सारख्या वेगानं हलत नाहीत. मुठीजवळ लाकूड जेमतेम सरकतं, टोक सगळ्यात लांबचा पल्ला सगळ्यात जोरात मारतं. ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, म्हणजे टोकाच्या निम्म्या वेगानं हलणारा एक ग्रॅम जेवढं खातो त्याच्या चौपट टोकावरचा ग्रॅम खातो. मुठीतला ग्रॅम काहीच खात नाही. मूठ हवी तेवढी जाड ठेवा, धनुष्याला कळणारसुद्धा नाही. मी मात्र ताकद म्हणून टोकांवर लाकूड चढवून ठेवलं होतं. खरं तर वाकवणारा जोर टोकाशी शून्य असतो आणि मुठीकडे येताना वाढत जातो. ज्या जागी लाकडाची सगळ्यात कमी गरज, तिथे ते सगळ्यात महाग पडत होतं.

डेन्मार्कच्या होल्मेगार्ड दलदलीत १९४४ मध्ये एल्म लाकडाची धनुष्यं सापडली, जवळपास ९००० वर्षांपूर्वीची. मुठीच्या बाजूला रुंद आणि चपटी, टोकांकडे निमुळती. त्यांचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो. शेतीसुद्धा ठाऊक नसलेल्या माणसांनी दगडी हत्यारानं जे लाकूड काढून टाकलं, ते मी कार्बाइडची पाती हाताशी असून ठेवलं होतं.

आता आकाराचं. पट्टीची रुंदी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली की आठपट, कारण तो जाडीच्या घनावर जातो. १२ मिलिमीटरची पट्टी १३ केली तर २७ टक्के ताठ होते. हे ऐकायला फायद्याचं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. पट्टी वाकली की तिच्या मधल्या थराला काही होत नाही. पाठ लांबते आणि पोट आखडतं, आणि किती, हे मधल्या थरापासूनच्या अंतरावर ठरतं. म्हणजे जाडी वाढवली की तेवढ्याच वाकाला लाकडाला जास्त सोसावं लागतं. रुंदी वाढवली तर सोसणं तेवढंच राहतं, ताठपणा मात्र मिळतो. जे लाकूड दाबाला हळवं आहे त्याला रुंद आणि पातळ ठेवावं. जाड गोलसर पोटाच्या इंग्लिश धनुष्यापेक्षा चपटं, आयताकृती छेदाचं पातं जास्त चांगलं, असं हिकमननी मांडलं ते याच वाटेनं. यू नावाच्या झाडाचं लाकूड दाब विलक्षण सोसतं म्हणून इंग्लंडात ते गोल पोट चाललं. आपल्या धामणीवर ते लादू नये असं माझं ठाम मत झालंय.

मग मी कागदावर एक त्रिकोण काढला. मुठीशी ४८ मिलिमीटर, टोकाशी १०, जाडी सगळीकडे १२. वाकवणारा जोर टोकाकडून मुठीकडे वाढत जातो आणि रुंदीही जवळपास त्याच हिशेबानं वाढते. अशा पात्याला प्रत्येक जागी सारखंच सोसावं लागतं, कुठलाही भाग दुसऱ्याचं ओझं वाहत नाही. आणि सगळीकडे सारखं सोसणारी सारख्या जाडीची पट्टी वाकते ती वर्तुळाच्या कंसात.

कंस. सातवी-आठवीत भूमितीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर वर्तुळ काढून त्याचा एक तुकडा ठळक केला होता आणि दोन टोकं जोडणारी रेघ ओढून म्हणाले होते, ही जीवा. तेव्हा ते नुसतं पाठ केलं. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, 'ज्या' म्हणजेही तीच. आर्यभटानं या जीवांचं कोष्टक दिलं, अरबांनी तो शब्द आपल्या लिपीत उतरवला, लॅटिन अनुवादकांनी तो भलताच वाचला आणि त्याचा सायनस झाला. जगातली पोरं आज साइन म्हणून जी गोष्ट शिकतात तिच्या मुळाशी ताणलेली दोरी आहे. आणि इकडे उद्यमबागेत मी पुठ्ठ्यावर कंपासनं ८० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस आखत होतो, माझं पातं पूर्ण ओढल्यावर त्याला जाऊन बसतं का ते बघायला. त्या वाकात ६५ सेंटिमीटरच्या पात्याची पाठ साडेचार-पाच मिलिमीटर लांबते आणि पोट तेवढंच आखडतं. शेकडा पाऊणाहूनही किंचित कमी. बिडाच्या आकसण्याचा हिशेब आयुष्यभर केलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटला. फरक एवढाच, की बीड एकदाच आकसतं. लाकडाला हे दर बाणाला करायचं असतं आणि दर वेळी मागे यायचं असतं.

धामणीचं दुसरं धनुष्य मी फाळका वर्षभर वाळवून मगच केलं. फाळक्याची दोन्ही तोंडं आणि सोललेली पाठ फेविकॉलनं बंद केली, नाहीतर तोंडाकडून ओल झपाट्यानं जाते आणि उभ्या चिरा पडतात. गावच्या घरात चुलीवरच्या आडव्या वाशांवर तो ठेवला. वहिनी रोज खाली भाकऱ्या थापायच्या आणि वर माझं लाकूड धूर खायचं. महिन्यातून एकदा वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. दुसरं कुठलंही यंत्र लागत नाही. आठ-दहा टक्के ओल राहिली तर उत्तम. त्याहून कोरडं झालं तर ठिसूळ होतं आणि मोडतं, ओलं राहिलं तर बाक धरतं.

कापून आकार देणं एका रविवारचं काम. खरं काम त्यानंतर असतं, वाक बसवण्याचं. त्यासाठी मी शॉपच्या मागच्या भिंतीवर एक पाटी ठोकली, तिच्यावर पाच-पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, वर मूठ बसायला खोबण, खाली विहिरीवरची जुनी कप्पी. दोरी कप्पीतून घेऊन मी सहा पावलं मागे जायचो आणि ओढायचो. लांबून बघितल्याशिवाय वाक दिसत नाही. सुरुवातीला दोन्ही पाती जेमतेम हलतात. डावं पातं मुठीजवळ वाकतंय, पुढे सरळ आहे. उजव्याला मध्यावर एक जागा बिजागरीसारखी दुमडतेय. जी जागा जास्त वाकते तिला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही अंगांच्या ताठ जागांवरून लाकूड काढायचं. हे बोटांना शिकवायला वेळ लागतो, कारण नजर दोषाकडे जाते आणि पटाशी नजरेमागे जाते. दोष मात्र शेजाऱ्यांचा असतो. ते वाकत नाहीत म्हणून त्या एका जागेला वाकावं लागतं.

आणि ठरवलेल्या भाराच्या पुढे कधीही ओढायचं नाही, वाक कितीही थोडा दिसला तरी. १८ किलोचं धनुष्य हवंय ना, मग काटा १८ दाखवेल तिथे थांबायचं, ओढ चाळीस सेंटिमीटरच झाली असेल तरी. खाली उतरवायचं, खरवडायचं, वीस-तीस वेळा हळूहळू ओढून लाकडाला नवा वाक समजू द्यायचा, मग परत बघायचं. सुरुवातीला रवाळ कानस, मग बारीक, शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. काचेनं निघणारी साल इतकी पातळ असते की फुंकरीनं उडते. अशा पाच-सहा साली काढल्या की पुढच्या ओढीला पातं बदललेलं दिसतं. जाडीचा घन कागदावर समजला होता, तो असा काचेखाली हाताला समजला. जाडीतला एक दशांश मिलिमीटर गेला की अडीच टक्के ताठपणा जातो, आणि लाकूड परत लावता येत नाही.

हे काम चालू असताना मी फारसं बोलत नसे. पॅटर्नचं काम करताना रेडिओ चालायचा, गप्पा चालायच्या, कारण ड्रॉइंग समोर असतं आणि माप ठरलेलं असतं. इथे माप लाकूड सांगतं. एकाच बुंध्याच्या दोन फाळक्यांची जाडी शेवटी वेगवेगळी निघते. एका जागी बारीक गाठ होती, तिच्या भोवती मी दीड मिलिमीटर जास्त लाकूड ठेवलं. धागे तिथे वळसा घेऊन जातात, त्यांना वळायला जागा द्यायला हवी. कंसाचा पुठ्ठा लावला तर तिथे किंचित फट दिसते. ती तशीच असू दे म्हटलं.

टोकं शेवटी केली. दोरी चढलेली असताना एकेका टोकाच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं लाकूड काढत गेलो. वीस, पंधरा, बारा, दहा मिलिमीटर. दोरीची खाच आधी लाकडात कोरलेली होती, ती बुजवून त्याऐवजी दोऱ्याचा घट्ट वेढा दिला आणि त्यावर दोरीचा फास टेकवला, म्हणजे तिथली रुंदी आणखी उतरवता आली. टोकाला जुना शब्द कोटी. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी हे धनुष्यकोटीच. नकाशात बघा, जमीन तिथे समुद्रात कशी निमुळती होत जाते.

दोरी पॉलिस्टरच्या मेण लावलेल्या दोऱ्याची, बारा पदरी. नायलॉनची करून बघितली होती, ती स्वतःच ताणली जाते आणि ऊर्जा गिळते. कौटिल्यानं आयुधागाराच्या प्रकरणात दोरीसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू अशी यादी दिलीय आणि धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. मूर्वेवरून दोरीला मौर्वी म्हणतात. अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग. तागाची दोरी एकदा वळून बघायची आहे. दोरीचं वजनही मोजावं लागतं, तिचा साधारण तिसरा हिस्सा बाणाबरोबर पळतो.

माघात, भात निघून गेलेल्या शेतात, आम्ही तिघं गेलो. मुलीनं गंजीपासून २० मीटर मोजून खुंटी मारली. काट्यावर १८ किलो, चौकोन मोजून ४५ ज्यूल. पहिला बाण सोडला आणि मूठ हातात गप्प राहिली. मी काही क्षण तशीच धरून उभा होतो. मोबाईलवर ०.४९. पुन्हा सोडला, ०.४९. दहा बाण झाले. सेकंदाला ४६ मीटर, बाणाकडे साडेसत्तावीस ज्यूल, शंभरात एकसष्ट. आभासी वजन ३० वरून १६ ग्रॅमवर आलं होतं. श्रावणातल्या धनुष्याच्या टोकांवरचं लाकूड मधल्या काळात मी तासून बघितलं होतं, तेव्हा ते ४२ मीटरपर्यंतच पोचलं. बाक धरलेल्या पोटाचं काही करता आलं नाही.

दादानं दोन बाण मारले. शिकार कायद्यानं बंद आहे आणि ते योग्यच आहे. भीमगडचं रान आमच्या इतकं जवळ आहे की गव्याचे माग बांधापर्यंत दिसतात. पिंजराच्या गंजीवर कोळशानं काढलेलं वर्तुळ आम्हाला पुरतं. बाण काढून आणताना दादानं धनुष्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. सालीखालचा तो भाग, ज्याला मी हत्यार लावलं नव्हतं. "बांधावरची हाय काय ही?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "बाबा बसायचे तिच्या सावलीला."

दोरी उतरवली तेव्हा पात्यांनी दोन सेंटिमीटर बाक धरला होता. अर्ध्या तासानं तो दीडवर आला.

उरलेल्या दोन फाळक्यांपैकी एक मुलीसाठी ठेवलाय. तिची ओढ माझ्याहून पाच सेंटिमीटर कमी, त्यामुळे धनुष्यही आखूड करता येईल, पाती हलकी होतील. तिनं त्रिकोणाऐवजी वेगळा आकार आखलाय: मुठीकडचा अर्धा भाग वाकणारा आणि पुढचा अरुंद, जवळजवळ ताठ. जमेल का ते माहीत नाही. कणकुंबीकडून पाऊस यायच्या आत लाकूड तयार व्हायला हवं, एकदा मिरग लागला की चुलीवरच्या वाशांनाही ओल चढते. परवा रविवारी गावी गेलो तेव्हा वहिनींनी काटा आधीच ओट्यावर काढून ठेवला होता. मागच्या वेळी १८४६ ग्रॅम भरला होता. या वेळी १८४२.